पहिला तास कोणाच्या हाती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. देशातील शेकडा ८८.६ प्रसूती रुग्णालयांत वा दवाखान्यांत झाल्या. पण तीन वर्षांखालील मुलांपैकी जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले शेकडा ४१.८ एवढीच होती. प्रसूती छपराखाली आली, परंतु त्या छपराखाली जे घडावयास हवे ते निम्म्याहून अधिक बालकांच्या वाट्यास आले नाही. आईच्या दुधासाठी ना यंत्र लागते, ना भांडवल. लागते ते एक जाणते माणूस, आणि त्या माणसाला बाळंतिणीपाशी बसण्याइतकी सवड.

हे जाणतेपण म्हणजे काय? बाळ जन्मताच कोरड्या, उबदार फडक्याने पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. ते श्वास घेईना, तर पहिल्या मिनिटाच्या आत फुगा-मुखवट्याने हवा द्यावी. नाळ निर्जंतुक पात्याने कापून कोरडी ठेवावी. तीवर हळद, राख काही लावू नये. मध वा घुटी न देता चीकच पाजावा. पहिले चोवीस तास अंघोळ घालू नये. अडीच किलोंहून कमी वजनाच्या बाळाला अधिक जपावे. बाळाने दूध ओढणे सोडले, अंग गार पडले, शांत असतानाही श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक झाला, तर वेळ दवडू नये. आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन मिळाले ना, वार पुरती पडली ना, पिशवी घट्ट झाली ना, हे पुनःपुन्हा पाहावे. कारण रक्तस्रावाने धडधाकट बाई दोन तासांत दगावू शकते.

यातील एकही गोष्ट सामान्य शिक्षण झालेल्या स्त्रीच्या आवाक्याबाहेरची नाही. तरीही हे ज्ञान दुय्यम मानले जाते, कारण ते ज्यांच्या हाती असते त्या स्त्रिया आरोग्ययंत्रणेच्या उतरंडीत तळाशी आहेत. इतिहास मात्र वेगळे सांगतो. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कक्षात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाळंतिणी सुइणींच्या कक्षातल्यांहून कितीतरी अधिक होत्या. शवविच्छेदन करून आलेले हातच मृत्यू घेऊन येतात, हे सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये ओळखले आणि हात क्लोरीनयुक्त द्रावणात धुण्याचा नियम केला. मृत्यू घटले, पण प्रतिष्ठितांनी ते सहजासहजी मान्य केले नाही. पदवी आणि उपयोगी ज्ञान या दोन गोष्टी नेहमी एका ठिकाणी नांदतातच असे नाही.

आपल्या महाराष्ट्रातील पुरावा तर अधिक निर्णायक आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंतची कामे त्यांनी केली. घरोघरच्या या सेवेच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ नी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने गृहाधारित नवजात शुश्रूषेची योजना आखून हे काम आशा कार्यकर्तीकडे सोपविले.

परंतु सोपविले ते कोणत्या अटीवर? रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या, आणि त्या साऱ्यांचा मोबदला २५० रुपये. म्हणजे भेटीला बेचाळीस रुपयेही नाहीत. शिवाय ती 'स्वयंसेविका', म्हणून वेतनाचा प्रश्नच नाही! २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. गौरव करणे स्वस्त असते. वेतन देणे महाग वाटते.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते वर्ष सरले. उद्दिष्ट गाठले गेले नाही.

मात्र दोष केवळ सरकारचा मानून आपली सुटका होणार नाही. आमच्या निवेदनांतही इमारत असते, डॉक्टर असतो, रुग्णवाहिका असते. परिचारिका क्वचितच असते. आम्हीही छप्परच मागत आलो. यापुढे तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन चार साधे प्रश्न विचारावेत. रात्री प्रसूतीच्या वेळी कोण हजर असते? एका परिचारिकेकडे एका वेळी किती बाळंतिणी असतात? फुगा-मुखवटा चालू स्थितीत आहे काय? तो वापरण्याचे शिक्षण शेवटचे केव्हा झाले? मिळालेली उत्तरे लिहून घ्यावीत, आणि पुढील निवेदन त्यांच्यावर उभे करावे. प्रश्न परिचारिकेची झडती घेण्यासाठी नव्हेत, तिची बाजू मांडण्यासाठी विचारायचे आहेत. हे तिलाही आधी सांगावे. ती एकटी असेल, तर तिच्या जोडीला दुसरी मागणे ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.