लाच घेण्याचा विशेषाधिकार

लोकप्रतिनिधींच्या विशेषाधिकारांचा विषय निघाला की आपल्या येथील मंडळींत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, सारे पुढारी चोर, त्यांना कसले आले आहेत विशेषाधिकार? दुसरा पक्ष म्हणतो, संसद सार्वभौम आहे, न्यायालयाने तिच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नये. पहिले मत उथळ आहे. दुसरे घातक आहे. भारतात संसद सार्वभौम नाही. सार्वभौम आहे ती जनता. संसद ही जनतेने स्वीकारलेल्या घटनेचे अपत्य आहे, आणि अपत्याने मातेवर हक्क गाजवू नये एवढे तरी आपण मान्य केले पाहिजे.

विशेषाधिकार मुळात कशासाठी निर्माण झाले, हे आपण ज्या ब्रिटनमध्ये राहतो त्याच्याच इतिहासात पाहावे. १६२९ साली सर जॉन इलियट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉमन्स सभागृहात राजाच्या करवसुलीविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा पहिल्या चार्ल्सने त्यांच्यावर खटला भरला. इलियट १६३२ साली लंडनच्या टॉवरमध्ये कैदी म्हणूनच मरण पावला. त्या छळाच्या अनुभवातून १६८९च्या अधिकार-सनदेतील नववे कलम आले: संसदेतील भाषणाबद्दल संसदेबाहेर जाब विचारता येणार नाही. म्हणजे हे कवच सत्तेविरुद्ध बोलणाऱ्यासाठी होते. सत्तेकडून पैसे घेणाऱ्यासाठी ते नव्हते.

हेच तत्त्व भारतीय राज्यघटनेच्या १०५व्या आणि १९४व्या कलमांत आले. संसदेत केलेले कोणतेही भाषण किंवा दिलेले मत याबद्दल सदस्यावर न्यायालयात कारवाई होणार नाही, असा त्यांचा आशय आहे. ज्या समाजाला शतकानुशतके तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्याच्या प्रतिनिधीला तर या कवचाची गरज इतरांपेक्षा अधिक. जमीनदाराविरुद्ध, पोलिसांविरुद्ध, मंत्र्याविरुद्ध सभागृहात बोलणाऱ्या राखीव जागेवरील सदस्याला उद्या बदनामीच्या खटल्याने गप्प करता येऊ नये. म्हणूनच विशेषाधिकार रद्द करा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

परंतु या कवचाचे पुढे काय झाले? २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव लोकसभेत २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. अवघ्या चौदा मतांचा फरक. झारखंड मुक्ती मोर्चाच्या आणि जनता दलातून फुटलेल्या काही सदस्यांनी ठरावाविरुद्ध मत देण्यासाठी पैसे घेतले, असा आरोप झाला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आरोप खरे धरून चालले तरी खटला चालू शकतो काय, एवढाच प्रश्न तेथे होता. १७ एप्रिल १९९८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला: ज्यांनी लाच घेतली आणि त्याप्रमाणे मत दिले, त्यांच्यावर खटला चालणार नाही, कारण ती लाच मताशी संबंधित आहे. लाच देणाऱ्यांना मात्र संरक्षण नाही. आणि ज्याने लाच घेतली पण मतच दिले नाही, त्यालाही संरक्षण नाही!

वाचकहो, या निर्णयाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्याने सौदा प्रामाणिकपणे पाळला तो सुरक्षित. ज्याने पैसे घेऊन शब्द मोडला तो आरोपीच्या पिंजऱ्यात. बाजारातील दलालांचा कायदासुद्धा याहून वेगळा नसेल. मी व्यवसायाने डॉक्टर आहे. एखाद्या वैद्याने औषध कंपनीकडून पैसे घेऊन औषध लिहून दिले आणि पुढे म्हणाला की, चिठ्ठी लिहिणे हा माझा व्यावसायिक अधिकार आहे, त्याबद्दल मला विचारू नका, तर त्याची सनद कोणी शिल्लक ठेवील काय? आमच्या शास्त्रात असे काही रोग आहेत, ज्यांत शरीराची संरक्षक शक्तीच शरीरावर उलटते. १९९८चा निकाल वाचताना मला त्यांची आठवण होते.

न्या. अगरवाल आणि न्या. आनंद यांनी त्याच वेळी अल्पमताच्या निकालात सांगितले होते की लाच स्वीकारताक्षणी गुन्हा पूर्ण होतो. मग मत दिले काय आणि न दिले काय. हा साधा विचार मान्य व्हायला जवळजवळ सव्वीस वर्षे लागली. २०१२च्या राज्यसभा निवडणुकीत लाच घेतल्याचा आरोप झालेल्या झारखंडच्या आमदार सीता सोरेन यांनी १९९८च्या निकालाचा आधार घेतला, आणि ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो निकालच रद्द ठरविला. सभागृहाच्या सामूहिक कामकाजाशी निगडित असलेले आणि सदस्याच्या कर्तव्यासाठी आवश्यक असलेले तेवढेच विशेषाधिकार, ही कसोटी त्या पीठाने घातली.

येथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. १९९३च्या प्रकरणाची चर्चा करताना आपल्याकडील सुशिक्षित सवर्ण मंडळी आदिवासी खासदार कसे विकले गेले, हे चवीने सांगत. लाच देण्याचा आरोप कोणावर होता, हे मात्र त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. तो आरोप खुद्द माजी पंतप्रधानांवर होता. २००० साली विशेष न्यायालयाने नरसिंह राव आणि बूटासिंग यांना दोषी ठरविले आणि २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. कायद्याने हा विषय तेथे संपला. पण आदिवासींच्या नावावर बसलेला डाग कोणत्या उच्च न्यायालयाने पुसला? आणि ज्या मतदाराने झारखंडच्या मागणीसाठी मत दिले होते, त्याचे मत खरोखर विकले गेले की नाही, हे ठरविण्याचा त्याचा हक्कच विशेषाधिकाराच्या नावाखाली हिरावून घेतला गेला. खटलाच चालला नाही, मग सत्य बाहेर येणार कोठून?

इंग्रज आपल्याहून नीतिमान आहेत असे मी मानत नाही. त्यांच्याही खासदारांनी खोटी खर्चपत्रके सादर केलीच. पण डेव्हिड चेटर आणि इतरांनी नवव्या कलमाची ढाल पुढे केली, तेव्हा येथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ती बाजूला सारली, आणि पुढच्याच महिन्यात चेटरला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडे सव्वीस वर्षे, तेथे एक महिना!

आता विरोधकांचा एक आक्षेप खरा आहे: सत्ताधारी पक्ष खटल्यांचा उपयोग सूडासाठी करील. करील नव्हे, करतोच. म्हणूनच २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेल्या १३०व्या घटनादुरुस्ती विधेयकाकडे मी संशयाने पाहतो. गंभीर आरोपाखाली तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचे पद जावे, अशी त्यात तरतूद होती. कोठडी म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे ज्या वस्त्यांतील तरुण केवळ संशयावरून उचलले जातात त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. सुडावर उपाय आहे तो जलद आणि उघड खटल्याचा. लोकप्रतिनिधींवरील खटले आरोपनिश्चितीपासून एका वर्षात संपवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्येच सांगितले होते. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला उच्च न्यायालयांना या खटल्यांवर देखरेख ठेवा म्हणून पुन्हा बजावावे लागले, यावरून काय ते समजावे.

शिवाय विशेषाधिकारांची दुसरी धार नागरिकावर चालते. १९६४ साली उत्तर प्रदेश विधानसभेने केशवसिंह नावाच्या एका सामान्य नागरिकाला सभागृहाच्या अवमानाबद्दल सात दिवसांची कैद दिली. त्याला जामीन देणाऱ्या दोन न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन सभागृहापुढे आणण्याचा हुकूम सोडला! घटना समितीत कामथांसारख्या सदस्यांनी हाउस ऑफ कॉमन्सच्या उल्लेखाला हरकत घेतली, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला होता की सगळ्या विशेषाधिकारांची यादी घटनेतच द्यायची तर घटनेचा पसारा वाढेल. म्हणून कलमात कायदा करण्याचे काम संसदेवर सोपविले आणि तोवर कॉमन्सचे अधिकार लागू केले. ती व्यवस्था तात्पुरती होती. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचा उल्लेख तेवढा काढून टाकला. यादी मात्र संसदेने कधी केलीच नाही. पगार आणि भत्त्यांचा कायदा १९५४ सालीच झाला, हे जाता जाता नोंदवितो.