आपल्या जोखमीवर पोहणारे लोक

लंडनच्या उत्तर भागात हॅम्पस्टेड हीथ नावाचे उंचसखल माळरान आहे. तेथील तळी मुळात शहराला पाणी पुरविण्यासाठी बांध घालून केलेली. पुढे ती पोहणाऱ्यांच्या वाट्याला आली. पुरुषांचे तळे १८९३ साली रीतसर खुले झाले, स्त्रियांचे १९२५ च्या सुमारास. तिसऱ्या तळ्यात स्त्रीपुरुष दोघेही पोहतात. ऐन हिवाळ्यात, कधी पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असताना, तेथे उतरणारे लोक आहेत, आणि त्यांत पिकल्या केसांची माणसे पुष्कळ.

ह्या मंडळींनी ‘हॅम्पस्टेड हीथ विंटर स्विमिंग क्लब’ स्थापन केला. मागणी साधी होती. हिवाळ्यातल्या सकाळी, रक्षक हजर नसताना, मिश्र तळ्यात आम्हांस आमच्या जोखमीवर पोहू द्यावे. १९८९ पासून हीथचा कारभार पाहणाऱ्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने नकार दिला. कोणी बुडाले, तर कामगार व जनता यांच्या सुरक्षिततेविषयीच्या १९७४ च्या कायद्याखाली आपल्यावरच खटला होईल, अशी तिला धास्ती होती. नकारामागे दुष्टावा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. कागदावर सही करणाऱ्याला रात्री झोप लागावी लागते.

प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २००५ मध्ये न्यायमूर्ती स्टॅन्ली बर्नटन यांनी क्लबच्या बाजूने निकाल दिला. धोक्याची पुरी जाणीव असलेला प्रौढ मनुष्य आपखुषीने पाण्यात उतरतो, तेव्हा ती जोखीम त्याच्या निर्णयातून येते, परवानगी देणाऱ्याच्या कृत्यातून नव्हे, हा त्यातला गाभा. ह्याला पूर्वपीठिका होती. चेशायरमधील एका तलावात १९९५ साली एका अठरा वर्षांच्या तरुणाने उथळ पाण्यात सूर मारला आणि त्याची मान मोडली. त्याचा भरपाईचा दावा २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने नाकारला. उघड दिसणाऱ्या धोक्यासाठी सर्वांचेच पाणी बंद करणे न्याय्य नाही, असा तेथील विचार होता.

वडोदऱ्याच्या वाचकाला हे वाचून हरणीचा तलाव आठवल्याशिवाय राहणार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी तेथे नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर ‘आपल्या जोखमीवर’ हे शब्द ह्या गावात उच्चारताना जीभ अडखळते. परंतु दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नयेत. ती मुले आपल्या निर्णयाने नावेत बसली नव्हती; त्यांना कोणी तरी बसविले होते, आणि नावेत किती माणसे घ्यावी, जॅकेट कोणाला द्यावे, हे सारे दुसऱ्यांच्या हाती होते. तेथे हवी होती कडक देखरेख. हॅम्पस्टेडच्या म्हाताऱ्यांना ती नको होती, कारण त्यांनी स्वतःचा कारभार स्वतःकडे घेतला होता. दुर्घटना घडली की आपण दोहोंवर एकच पाटी ठोकतो: ‘पोहण्यास सक्त मनाई’. त्याने देखरेख वाढत नाही. पोहता येणारी माणसे मात्र कमी होतात.

आमच्या मागच्या पिढ्या कमरेला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या. त्याच जातीच्या भोपळ्यावर आमच्या घरातला तंबोरा उभा आहे, हे वडील गमतीने सांगत. असो.

मात्र न्यायालयात जिंकलेले पाणी फुकट राहिले नाही. त्याच २००५ साली कॉर्पोरेशनने तळ्यांवर शुल्क बसविले. ते भरणे पोहणाऱ्याच्या सचोटीवर सोडलेले होते, आणि पुष्कळजण ते भरत नसत. २०२० साली मोठ्यांना ४ पौंड सक्तीचे झाले. पोहणाऱ्यांनी निषेध केला. ज्यांना परवडत नाही त्यांचे काय, असे विचारले. कॉर्पोरेशनचेही म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. रक्षकांचे पगार आणि तळ्यांची निगा कोठून तरी भागवायची असते. दरबाराचा आश्रय सुटल्यावर वर्गणीवर जगणाऱ्या संगीतमंडळांना हा हिशेब नवा नाही. आपल्या जोखमीवर पोहण्याचा हक्क न्यायाधीशाने दिला, पण काठावर पोहोचण्याचे तिकीट अजून प्रत्येकाने आपल्या खिशातून काढायचे आहे.