डोंगरावर एकट्याने जाताना

थंडी पडली की दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, एकटाच माहुली चढून आलो तर चालेल ना?" चालेल, पण माझी एक अट आहे.

अट अनुभवातून आली. एका ऑक्टोबरात मी आसनगावला उतरून एकटाच माहुलीला गेलो. वाट दाट झाडीतली, ऊन अंगावर येत नाही, म्हणून पाण्याची आठवणच राहिली नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, हे रोज रुग्णांना सांगणारा मी! डोके ठणकू लागले, विनाकारण चिडचिड होऊ लागली, तरी माथ्याखालच्या लोखंडी शिडीपर्यंत रेटत गेलो. उतरताना पाय मुरगळला. घरी "डोंगरावर जातो" एवढेच सांगितलेले. काठी टेकत पायथा गाठला तेव्हा अंधार पडला होता.

पाणी आणि मीठ कमी पडले की चिडचिड व गोंधळ सुरू होतो. सोबत्याच्या ते चटकन ध्यानात येते. ज्याचे त्याला कळत नाही. तेव्हा निर्णय सकाळीच, डोके शांत असताना घ्यावा. कोणता डोंगर, कोणती वाट, परत किती वाजता, हे कागदावर लिहून घरी ठेवावे. दुपारचे बारा वाजले की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी मागे फिरावे. पाणी तीन लिटर, शिवाय मीठ-साखरेची पुडी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र एकटे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.