कलेजीतली पाण्याची पिशवी

अल्लीपूर (जि. वर्धा) येथील एका भगिनीने विचारले आहे : कुरबानीच्या बकऱ्याच्या कलेजीत पाण्याने भरलेली पिशवी निघाली. हे काय असते? ते गोश्त खावे का?

अशी पिशवी म्हणजे बहुधा पट्टकृमीची वाढणारी अळी. तिचे दोन प्रकार नेहमी दिसतात. एक पातळ पापुद्र्याची, कलेजीला लोंबणारी, आत एक पांढरा ठिपका असलेली. तिच्यापासून माणसाला सहसा धोका नाही. दुसरी जाड आवरणाची, कलेजीत किंवा फुप्फुसात रुतलेली. ही हायडॅटिड, माणसालाही होणारी.

पिशवी लहान असली की जाणकारही फसतो. दोन्ही कृमी मोठे होतात कुत्र्याच्या आतड्यात, आणि त्यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीही एकसारखीच दिसतात. म्हणून प्रयोगशाळेत त्यांचा डीएनए तपासतात. करोनाच्या दिवसांत घराघरांत पोचलेले पीसीआर हे नाव याच तंत्राचे.

या तपासणीने हायडॅटिडचेही पोटभेद उघड झाले. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा सहभाग असलेला असा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात म्हशींशी जोडलेला प्रकार सर्वाधिक आढळला. गुरांचा व मेंढ्यांचा प्रकारही सापडला. हा भेद कामाचा आहे. गुरांच्या प्रकारातला कृमी कुत्र्याच्या पोटात सुमारे पाच आठवड्यांतच अंडी सोडू लागतो, मेंढीचा त्याहून उशिरा. कुत्र्यांना जंताचे औषध किती दिवसांनी द्यावे, हे त्यावरून ठरते.

आता गोश्ताचे. हायडॅटिड माणसाला गोश्तातून होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हात, पाणी किंवा न धुतलेली भाजी यांवाटे पोटात गेली की होतो. मग गाठ वर्षानुवर्षे गुपचूप वाढते. काहींना शस्त्रक्रिया करावी लागते. तेव्हा पिशवी न फोडता तो अवयव बाजूला काढावा. बाकीचे चांगले गोश्त नीट शिजवून खायला हरकत नाही.

खरी चूक होते ती काढलेला तुकडा कुत्र्यापुढे टाकण्यात. आपल्या घरी कुत्रा नसेल, गल्लीत असतोच. आणि त्याच मातीत आपली मुले खेळतात. पिशवी कोणत्या जातीची, हे घरी ओळखण्याची गरज नाही. दोन्ही कुत्र्यावाटेच पसरतात, म्हणून उपायही एकच : असा अवयव जाळावा, अर्धा तास उकळावा, किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. नंतर सुरी, पाट आणि हात साबणाने धुवावेत.

कुरबानीनंतरची साफसफाई हा शेजाऱ्याचाही हक्क आहे.