‘निकम साहेबच द्या’ म्हणतो आपण. पण आपल्या कोर्टातला सरकारी वकील कोण, माहीत आहे का?

राज्यात कुठंही मोठा गुन्हा घडला की मोर्चाच्या निवेदनात दोन मागण्या ठरलेल्या असतात. खटला फास्ट ट्रॅक कोर्टात चालवा आणि ॲड. उज्ज्वल निकम यांना नेमा. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे (ता. केज) सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. तिथल्या गावकऱ्यांचीही हीच मागणी होती, त्यासाठी त्यांनी आंदोलन केलं. फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारनं निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक केली.

निकम आपल्या जळगावचे. इथल्याच कोर्टात सरकारी वकील म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढं 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला त्यांच्याकडे आला आणि नाव घराघरांत पोहोचलं. 26/11 च्या खटल्यात कसाबला 6 मे 2010 रोजी फाशीची शिक्षा झाली. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डी प्रकरणात नगरच्या सत्र न्यायालयानं 29 नोव्हेंबर 2017 रोजी तिघांना फाशी सुनावली. तिथंही तेच होते. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून लोकांचा विश्वास आहे, आणि तो उगाच नाही.

पण मंडळी, एक गोष्ट नीट समजून घेऊ.

मोठं नाव म्हणजे सगळं मिळालं असं नाही

भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी आठवा. सप्टेंबर 2006 मध्ये एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आलं. खटला निकम यांनीच चालवला. 2008 मध्ये सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा सिद्ध झाला नाही. 2010 मध्ये हायकोर्टानं फाशीचीही 25 वर्षांची कैद केली.

याचा अर्थ सरळ आहे. वकील कितीही अनुभवी असला तरी तो गुन्ह्याचा तपास करत नाही. तपास पोलिसांचा. पंचनामा कसा झाला, जबाब कधी घेतले, साक्षीदार शेवटपर्यंत टिकले का, यावर खटला उभा राहतो. सरकारी वकील त्याच मालावर कोर्टात उभा असतो.

आपली केस चालवतो कोण?

विशेष सरकारी वकील मोजक्याच खटल्यांत मिळतो. त्यासाठी किमान 10 वर्षं वकिली झालेली असावी लागते आणि नेमणूक सरकार करतं. आपल्या बांधावरची मारामारी, चोरी, छेडछाड, अपघात यांच्या केसेस तालुक्याच्या फौजदारी कोर्टात चालतात. तिथं असतात सहायक सरकारी अभियोक्ता. हे लोक एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. खून, बलात्कार असे गंभीर खटले सत्र न्यायालयात जातात. तिथल्या सरकारी वकिलाला किमान 7 वर्षांचा वकिलीचा अनुभव लागतो.

यांची फी फिर्यादीनं द्यायची नसते. पगार किंवा मानधन सरकार देतं. कोणी ‘सरकारी वकिलाला द्यावे लागतात’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

आणखी एक. सरकारी वकील हा फिर्यादीचा खासगी वकील नव्हे. कसंही करून शिक्षा घडवणं हे त्याचं काम नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1999 मध्येच सांगितलंय. खरं ते कोर्टापुढं मांडणं हे त्याचं काम. आज आपण फिर्यादी असू, उद्या आपल्याच पोरावर खोटी केस होऊ शकते. तेव्हा असाच सरकारी वकील हवा.

लोकांत मिसळणं आणि राजकारण

निकम गावोगावी व्याख्यानं देतात, टीव्हीवर बोलतात. त्यामुळं कोर्टाची भाषा लोकांपर्यंत गेली, हे मान्य. पण याच सवयीची दुसरी बाजूही आहे. कसाबनं बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती, असं 2015 मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं. सरकारी वकिलाचा शब्द लोक खरा मानतात, म्हणूनच तो जपून वापरावा लागतो.

2024 मध्ये ते मुंबईतून भाजपतर्फे लोकसभा लढले, हरले. जुलै 2025 मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. राजकारणात जायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ज्या खटल्यात राजकीय माणसांची नावं घेतली जातात, तिथं सरकारी वकील एखाद्या पक्षाचा असला तर दोन्ही बाजूंना शंका येणारच. हा प्रश्न एका माणसापुरता नाही. नेमणुका करणाऱ्या सरकारनं त्याचं उत्तर द्यायला हवं.

मग आपण काय करायचं?

1 जुलै 2024 पासून नवा फौजदारी कायदा, म्हणजे बीएनएसएस, लागू झालाय. या गोष्टी लक्षात ठेवा:

• एफआयआरची प्रत फुकट मिळते. मागून घ्या.

• तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. मोबाईलवर कळवलं तरी चालतं.

• पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही.

• कोर्टाच्या परवानगीनं पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो.

• सरकारला खटला मागं घ्यायचा असेल तर आधी पीडिताचं म्हणणं ऐकावं लागतं.

• आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येतं.

• महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नवाले यांना मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, साक्षीच्या तारखेला जा. कोर्टात उभं राहायच्या आधी सरकारी वकिलांना भेटा, काय पाहिलं ते सांगा. पढून जायचं नाही, पण तीन-चार वर्षांपूर्वीची घटना आठवून जायला कुणाची मनाई नाही. कितीतरी केसेस वकील कमी पडला म्हणून जात नाहीत. गावातले पंच आणि साक्षीदार ‘भाऊबंदकी नको’ म्हणत फिरतात, तिथं जातात. साक्षीदार फितूर झाला की निकम असोत की आणखी कोणी, हात बांधले जातात.

निकम साहेबांची मागणी जरूर करा. पण त्याच निवेदनात आणखी दोन ओळी घाला: तालुका कोर्टातली सरकारी वकिलांची रिकामी पदं भरा, आणि साक्षीदारांना संरक्षण द्या. मोठी केस गावात एखादीच येते. छोट्या केसेस मात्र दर आठवड्याला तारखेवर असतात, आणि त्यातली एखादी तुमची असू शकते.