यंत्रज्ञ पुष्कळ, वकील कोठे?

सायबर सुरक्षा ही केवळ यंत्रज्ञांची व पोलिसांची बाब होय, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ झाला आहे. तो आम्हांस सर्वस्वी चुकीचा वाटतो. आणि त्याच्या खंडनास दूर जावयास नको, मीरा रोडचे उदाहरण पुरेसे आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करावयाची, अमेरिकन नागरिकांस अटकेचा धाक घालावयाचा व पैसे उकळावयाचे, हा तेथील उद्योग. शेकडो तरुण ताब्यात घेतले गेले. परंतु नाडला गेलेला मनुष्य आणि त्याची साक्ष सातासमुद्रांपलीकडे! उलट, अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी निगडित अशाच कटात अमेरिकन न्यायालयाने २०१८ साली तेथील २१ हस्तकांस शिक्षा दिल्या, तेव्हा भारतात बसलेले आरोपी त्या न्यायालयापुढे उभेच राहिले नव्हते. ही दरी दोन्ही राज्यांचे कायदे आणि संगणकाचे तंत्र जाणणारा मुत्सद्दीच सांधील.

यावर आक्षेप असा की, आंतरराष्ट्रीय करार बलाढ्य राष्ट्रेच आपल्या सोयीने लिहितात. खरे आहे. २००१ चा बुडापेस्ट करार आपल्यावाचून घडला आणि भारत त्यापासून दूर राहिला. पण यावरून निष्कर्ष उलटच निघतो. मसुदा लिहिला जात असता जो गैरहजर, त्याने एक तर दुसऱ्याचे नियम पत्करावे, नाही तर दाराबाहेर राहावे. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविषयीचा नवा करार संमत केला, तो प्रदीर्घ वाटाघाटींनंतर. अशा बैठकींत कलमाकलमावर झुंजणारी माणसे आयत्या वेळी उगवत नाहीत.

लहान राष्ट्रांची स्थिती तर याहून बिकट. त्यांच्या अधिकाऱ्यांस हे शिक्षण देणे हा दानधर्म नव्हे, आपलाच स्वार्थ होय. कारण गुन्हेगार नेमका दुबळ्या सत्तेच्या आश्रयास जातो. म्यानमारच्या सरहद्दीवरील फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या शेकडो भारतीयांना मार्च २०२५ मध्ये विमानाने मायदेशी आणावे लागले, हे कोण विसरेल?

पेशव्यांनी दिल्लीस हिंगणे व निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे यांसारखे वकील ठेवले, ते नुसत्या तलवारीवर राज्य चालत नाही हे ओळखून. आज आमच्या विद्यापीठांतून संगणक-अभियंत्यांच्या पलटणी बाहेर पडतात. त्यांतील काहींना तरी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवा, कायद्याच्या विद्यार्थ्यांस संगणकाचे तंत्र शिकवा, आणि त्या दोघांसाठी परराष्ट्र खात्यात जागा निर्माण करा, ही आमची मागणी आहे. मुलाने अभियंताच व्हावे म्हणून झटणाऱ्या आईबापांनीही शिष्टाई हा तितकाच मानाचा पेशा समजावा.