एका गालाला क्रीम, एका गालाला लोशन



मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या भिशीत आमच्या ओळखीच्या एक ताई पर्समधून तीन डब्या काढून बसल्या. चहा संपायच्या आत त्यांनी प्रत्येकीच्या हाताच्या मागच्या बाजूला बोटभर क्रीम चोळलं आणि म्हणाल्या, "बघा, दोन मिनिटांत फरक." फरक होता, हे खरं. कातडी तुकतुकीत झाली, बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. पन्नास ग्रॅमची डबी अठराशे पन्नास रुपयांना. आमच्या जाऊबाईंनी घेतली, मीही घेतली. जाऊबाई ब्लाउज शिवतात. एवढे पैसे जमायला त्यांना किती ब्लाउज शिवावे लागतात याचा हिशोब मला माहीत होता, तरी मी त्यांना थांबवलं नाही. कारण त्याच आठवड्यात एका लग्नात कुणीतरी त्यांना, "काय हो, वय दिसायला लागलं तुमचं," असं चारचौघींत म्हटलं होतं.

माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "आई, पूर्ण चेहऱ्याला लावलंस तर कळणार कसं? अर्ध्या चेहऱ्याला लाव." तिने दोन सारख्या रिकाम्या डब्या घेतल्या, एकीत महागडं क्रीम भरलं, दुसरीत रोजचं साधं लोशन, आणि खाली ठिपके काढले. उजव्या गालाला एका ठिपक्याची डबी, डाव्याला दोन ठिपक्यांची. मला वासावरून कोणतं कुठलं ते कळत होतं, हे कबूल करते. पण बघणाऱ्यांना कळत नव्हतं.

तीन महिने नेमाने लावलं. मग एका रविवारी अभिषेक झाल्यावर मंदिराच्या ओसरीत पाच जणींना विचारलं, माझी कोणती बाजू चांगली दिसते? दोघी म्हणाल्या उजवी. दोघी म्हणाल्या डावी. पाचव्या काकू बराच वेळ निरखून म्हणाल्या, "दोन्हीकडून दमलेली दिसतेस."

घरी येऊन मी जाऊबाईंना सांगितलं की हे सगळं थोतांड आहे, सगळी क्रीमं सारखीच. हे असं सरसकट बोलायला नको होतं. का, ते पुढे सांगते. आधी, त्यानंतर मी जे वाचलं आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं ते.

दोन मिनिटांत जो फरक दिसतो तो पाण्याचा असतो. वरच्या कोरड्या थरात ग्लिसरीन, हायल्युरोनिक ॲसिड असं काही गेलं की तो थर पाणी धरून फुगतो, आणि भिजवलेल्या मनुक्यासारख्या बारीक रेघा भरून येतात. रात्री तोंड धुतलं की पुन्हा होतं तेच. हे काम साधं लोशनही करतं, म्हणून तर माझे दोन्ही गाल सारखे निघाले. खरी सुरकुती पडते ती खालच्या थरात, जिथे कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू कातडीला ताणून धरतात. ते तुटतात वयाने, तंबाखूने, आणि सगळ्यात जास्त उन्हाने. आता डबीवर मोठ्या अक्षरात 'कोलॅजन' लिहिलेलं असतं, तेव्हा आपल्याला वाटतं तुटलेलं भरून निघणार. पण कातडीतून आत जाऊ शकणारा रेणू साधारण पाचशे डाल्टनपेक्षा लहान लागतो, आणि कोलॅजनचा अख्खा रेणू तीन लाखांच्या आसपास. सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवण्यासारखं आहे ते. तुकडे केलेलं कोलॅजनही वरच्या वर राहून पाणी धरतं, इतकंच.

मग काहीच चालत नाही का? चालतं. ट्रेटिनॉइन नावाचं जीवनसत्त्व 'अ'च्या घराण्यातलं औषध आहे. अमेरिकेत ते १९७१ पासून मुरुमांसाठी वापरात होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ साली उन्हाने पिकलेल्या कातडीवर त्याचा परिणाम मांडला, १९८८ मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी तुलना करून तपासलं आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता दिली. ते खाली नवं कोलॅजन तयार करायला लावतं. पण फरक दिसायला महिने लागतात, सुरुवातीला कातडी सोलते, लाल होते, उन्हाला हळवी होते. गरोदरपणात किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना ते वापरायचं नाही. त्यामुळे कातडीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. दुकानातल्या क्रीममध्ये असतं ते रेटिनॉल, त्याचं सौम्य भावंड. त्याचा उपयोग होतो, पण कमी.

इंग्लंडमधली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. २००७ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात मँचेस्टर विद्यापीठातल्या प्राध्यापक ग्रिफिथ्स यांनी सांगितलं की बूट्स या दुकानसाखळीच्या एका स्वस्तातल्या सीरमचा थोडा परिणाम दिसतो. झालं, बायकांनी रांगा लावून दुकानं रिकामी केली. मग त्यांनी ६० जणांवर नीट चाचणी घेतली, ती २००९ मध्ये छापून आली. सहा महिन्यांनी सीरम लावणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांच्या सुरकुत्यांत सुधारणा दिसली. आणि ज्यांना तेच क्रीम, पण त्यातला औषधी भाग काढून दिलं होतं, त्यांच्यातही २२ टक्क्यांना. म्हणजे नुसत्या मलईनेही पाचातल्या एकीला बरं दिसलं! आपल्या भिशीतली जी ताई शपथेवर सांगते की मला फरक पडला, ती खोटं बोलत नसते. ती त्या बावीस टक्क्यांतली असू शकते.

डबीवरची भाषा मात्र एकदा चष्मा लावून वाचा. 'सुरकुत्या कमी करते' असं सहसा नसतं, 'सुरकुत्यांचं दिसणं कमी करते' असं असतं. आपल्या १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर दिसायला मदत करणारं, रूप बदलणारं. बरं करणारं ते औषध. आणि त्याच कायद्याच्या नियमांत अशा व्याधींची यादी आहे, ज्या बऱ्या करण्याचा दावा औषधालाही करता येत नाही. 'अकाली वृद्धत्व' त्या यादीत आहे. म्हणून सगळा खेळ 'दिसणं' या एका शब्दावर चालतो. परदेशातही तेच. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लँकोम या मोठ्या नावाच्या कंपनीला पत्र पाठवलं की तुमची क्रीमं पेशींच्या जनुकांवर काम करतात असं म्हणत असाल तर ती औषधं ठरतात, मग मंजुरी घ्या. २०१४ मध्ये तिच्या मूळ कंपनीला, लॉरियालला, तिथल्या व्यापार आयोगापुढे जनुकांचे असे दावे न करण्याचं मान्य करावं लागलं.

आता माझ्या डबीबद्दल. तिच्या मागच्या बारीक अक्षरांत रेटिनॉल कुठेच नव्हतं. होतं 'हायड्रोलाइज्ड कोलॅजन'. हे मी तीन महिन्यांनी वाचलं. कंपनीच्या नंबरवर फोन केला, हे कशापासून? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, मरीन सोर्स आहे." मरीन म्हणजे मासा. मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. रात्री पाणी गाळून भरणारी, सूर्यास्ताआधी जेवणारी मी, रोज सकाळी ते गालाला लावून देवदर्शनाला जात होते. त्या दिवशी सामायिकात माझं मन लागलं नाही.

म्हणून आपल्यासाठी थोडं वेगळं सांगते. कोलॅजन जनावरांच्या कातडी-हाडांतून किंवा माशांतून येतं. स्क्वालीन पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत, आता ऑलिव्ह आणि उसापासूनही निघतं, म्हणून विचारावं लागतं. कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून. कोरियन क्रीमांत 'स्नेल म्युसिन' लिहिलेलं असतं, तो गोगलगायीच्या अंगावरचा चिकट स्राव आहे. मेण आणि मध तर आपल्याला माहीतच आहेत. मद्य, मांस, मधु सोडलं म्हणणाऱ्या आपल्याच घरांत 'फक्त तोंडाला लावायला' मधाची बाटली असते, हे मी पाहिलंय. काही डब्यांवर हिरवा ठिपका असतो, काहींवर नसतो. नसेल तर यादी वाचा. प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे, एवढं एक समाधान.

सगळ्या बायकांना आता वाटेल की मी म्हणणार, शरीर पुद्गल आहे, त्याला काय सजवायचं. सनत्कुमार चक्रवर्तींची कथा आपण सगळ्या लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ओसरीत ती मला ऐकवणाऱ्या काकू दर पंधरा दिवसांनी केस रंगवतात, आणि काका मिशा. मला त्यांच्यावर हसायचं नाही. पण ही कथा नेमकी बायकांनी डबी विकत घेतली की आठवते, याची मला गंमत वाटते. चारचौघींत वय काढणाऱ्या तोंडाला कुणी अनित्य भावना शिकवत नाही.

तर जाऊबाई. मी "सगळी सारखीच" म्हटल्यावर त्यांनी सरळ अर्थ काढला, मग स्वस्तातली का नको? एका पार्लरमधून दीडशे रुपयांची, लेबल नसलेली पांढरी डबी आणली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की मीच चकित झाले. रेघा गेल्या, डाग गेले. महिन्याभराने लाली आली, मग आग, मग गालावर बारीक शिरा दिसायला लागल्या. उन्हात जाता येईना. परभणीतल्या कातडीच्या डॉक्टरांनी डबी हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "किती दिवस?" त्यांच्या मते त्यात तेज स्टिरॉइड होतं. ते आधी सूज उतरवून चेहरा गुळगुळीत करतं आणि मग कातडीच पातळ करतं. अशा मलमांचा इतका दुरुपयोग झाला की सरकारने २०१८ मध्ये त्यातल्या चौदा प्रकारांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. पण पार्लरच्या बिनलेबलच्या डबीला कोण चिठ्ठी विचारतो? एकदम बंद केलं तर आणखी भडकतं, म्हणून डॉक्टरांनी हळूहळू सोडवलं.

आणि हे तरी कातडीपुरतं राहिलं. आपल्या जवळच्या अकोल्यात, ही २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलेली बातमी आहे, ब्यूटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम वापरून एक कॉलेजातली मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तर क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या नियमांत चेहऱ्याच्या प्रसाधनात पारा नकळत आला तरी दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. यात हजारोंनी होता. वय लपवणाऱ्या क्रीमांतही पारा सापडतो, गोरेपणाच्याच नव्हे. निर्मात्याचं नाव, पत्ता, परवाना नंबर, घटकांची यादी यांतलं एकही नसेल तर ती डबी घरात आणू नका, मग देणारी सख्खी बहीण का असेना.

स्वस्त आणि खात्रीचं जे आहे ते विकायला कुणी भिशीत येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांना साडेचार वर्षं पाहिलं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी वाटेल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी पिकली होती. आपल्या परभणीचं ऊन तर तुम्हाला मी सांगायला नको. एसपीएफ ३० चं साधं सनस्क्रीन, छत्री, पूर्ण बाह्या, स्कूटीवर पोरी बांधतात तसा स्कार्फ. खात्री करायची असेल तर आत्ता उठून आपला मनगटाजवळचा हात आणि ब्लाउजच्या बाहीखालचा दंड शेजारी शेजारी बघा. दोन्हींचं वय एकच आहे.

मी त्या चार जणींकडे जाऊन आले, ज्यांना माझी डबी दाखवून "छान आहे, घ्या" म्हटलं होतं. मरीनचा अर्थ सांगितला. एकीने डबी तिथेच कचऱ्यात टाकली, एक आजही माझ्याशी नीट बोलत नाही.

२०१२ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रक चालवणाऱ्या माणसाचा फोटो छापून आला होता. वय ६९, अठ्ठावीस वर्षं चालवलेला ट्रक. खिडकीकडचा डावा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, उजव्यावर त्या मानाने बऱ्याच कमी. काच ऊन अडवते असं वाटतं, पण सुरकुत्या पाडणारे किरण तिच्यातून बरेचसे आत येतात. तो फोटो मी मुलीच्या मोबाइलवर जाऊबाईंना दाखवला. त्यांनी पाहिला, मग आरशात स्वतःला पाहिलं. त्यांच्या मशीनची जागा गेली पंधरा वर्षं पश्चिमेच्या खिडकीशी आहे, ऊन डावीकडून येतं, आणि डागही डावीकडेच जास्त आहेत. त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी मशीन उचलून आतल्या भिंतीला लावलं. आता त्यांची तक्रार आहे की सुईत दोरा ओवताना दिसत नाही. उद्या वर एक दिवा बसवून घेणार आहोत.